काठ सुटेपर्यंत

बसा, बसा सगळे. मागे उभे आहात ते भाऊ, पुढे या, सतरंजीवर जागा आहे. आणि सगळे एकाच बाजूला नका बसू, दोन्हीकडे सारखे बसा.

बघा. मला माईकसमोर उभं केलं आणि तोंडून पहिलं वाक्य आत्याबाईंचंच निघालं. रोज सकाळी घाटावर त्यांचं हेच असायचं. "दोन्हीकडं सारखे बसा गा, बोट हाये, लग्नाचा मांडव नाही."

मी रंजना. तुळसाबाईंची, म्हणजे माझ्या आत्याबाईंची, सून. पवनीतले तर मला ओळखतातच, पण आज नदीपलीकडून लोक आलेत, चिखल्याहून माझ्या माहेरचे आलेत, एकोडीहून आत्याबाईंच्या माहेरचे आलेत, गोंदियाकडून मावशी आल्यात. आपल्या जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले तेव्हा या मावशी रडल्या होत्या, आता आपण वेगळे झालो म्हणून. आत्याबाई त्यांना म्हणाल्या होत्या, "जिल्हा फुटला, नदी त नाही फुटली ना? मंग रडून काहून राहिली?" मावशी, आठवतं ना? हसताय, म्हणजे आठवतं.

मला बोलायची सवय नाही. रडूही येतंय. पण बोटीत कोणी रडायला लागलं की आत्याबाई म्हणायच्या, "रडाचं त काठावर रडून घे. बोटीत हुंदके देशीन त बोट हालते." म्हणून मी सकाळीच घाटावर जाऊन पोटभर रडून आले. आता इथं मी रडणार नाही, आणि तुम्हालाही रडू देणार नाही. त्यांच्या नावानं लोकांनी तोंड पाडून बसावं, हे त्यांना पटलं नसतं.

एक गोष्ट मला ठाऊक आहे. तुम्ही सगळे मला भेटून गेलात, सांत्वन केलंत, चहा घेतलात आणि निघताना प्रत्येकानं हळूच एकच विचारलं. "मंग बोटीचं काय?" त्या शेवटच्या आजारपणात पडल्या तेव्हापासून बोट घाटाला बांधलेली आहे. पलीकडच्या पोरांना शाळेसाठी मोठा फेरा घालून यावं लागतंय. पेशंट असला तरी तोच फेरा. मला त्याचा राग नाही आला. तुम्ही विचारणारच. त्याचं उत्तर मी देणार आहे, पण शेवटी. आधी आमच्या सासूबाईंबद्दल बोलू द्या. जिवंत असताना त्यांच्यापुढे बोलायची संधी कुठं मिळत होती?

मी चिखल्याची. माझे बाबा मँगनीजच्या खाणीत, जमिनीखाली कामाला. नदी म्हणजे काय ते मला लग्नाआधी फारसं ठाऊकच नव्हतं. आमच्याकडे पाणी नळाला यायचं, तेही आलं तर. आणि लग्न होऊन आले ती कोणाच्या घरी? बोट चालवणाऱ्यांच्या. माझे बाबा जमिनीखाली, मी जमिनीवर, सासू पाण्यावर. नवरा मात्र बरोबर माझ्यासारखा. दिलीप, खाली बघू नका, सांगणारच आहे मी. बोटवाल्यांच्या घरात जन्मला हा माणूस, आणि बोटीत बसला की याला मळमळतं. म्हणून धानाच्या गिरणीत नोकरी. आत्याबाई म्हणायच्या, "माह्या पोटी बैल जलमला, पाण्याले भेते."

लग्नानंतर पहिल्यांदा मला बोटीत बसवलं त्या दिवशी मी भीतीनं नुसती बडबड करत होते. पाणी किती खोल आहे, बोट किती जुनी आहे, मला पोहता येत नाही, हे सगळं एका दमात. आत्याबाईंनी त्यांचा लांब बांबू उचलून उभा धरला आणि माझ्याकडे बघितलं. बोटीतले सगळे एकदम गप्प. मला कळेना काय झालं. मग शेजारच्या बाईनं कानात सांगितलं, "काठ सुटेपर्यंत बोलाचं नाही वो. तुळसाबाईचा नियम हाये."

तुम्हाला हा नियम ठाऊक आहे. तुमच्यापैकी कोण आहे जो या नियमाखाली गप्प बसला नाही? सरपंच असो, जावई असो, बकरी असो. बांबू उभा म्हणजे चूप. बांबू तळाला टेकत टेकत बोट पुढं जायची. मग एक जागा अशी यायची की बांबूला तळ लागायचा नाही. तेव्हा त्या बांबू आडवा ठेवायच्या, इंजिन सुरू करायच्या आणि म्हणायच्या, "बोला आता." आणि मग नुसता बाजार.

त्या दिवशी मी विचारलं, "आत्याबाई, गप्प काहून बसवता?" म्हणाल्या, "बांबू खाली टेकते त आवाज येते. रेती असली त येगळा, गोटा असला त येगळा, बुडालेलं खोड असलं त येगळा. तू बोलशीन त मले काय आयकू येईन?" आणि मला माझे बाबा आठवले. खाणीत उतरल्यावर ते सळईनं छताला ठोकून बघायचे. भरीव आवाज आला तर छत पक्कं, पोकळ आला तर बाजूला व्हायचं. बाबा छताचा आवाज ऐकत, या तळाचा ऐकत. म्हटलं, चला, ओळखीचं घर आहे.

मग नदीच्या खालच्या अंगाला धरण झालं आणि पाणी चढलं. आपली वैनगंगा बघता बघता एवढी पसरली की पलीकडचं गाव बोटाएवढं दिसायला लागलं. मधलं बेट गेलं, उंबर गेला, धोब्यांचा दगड गेला. ज्या खुणांवर आत्याबाई आयुष्यभर बोट चालवत होत्या, त्या सगळ्या पाण्याखाली. आणि खाली जुनी झाडं तशीच उभी, कुठं खोड लागेल सांगता यायचं नाही.

आणि मग ती वरात झाली. नवरदेव इथंच बसलाय, त्या खांबापाशी. लाजू नको गा, तुझी दोन्ही पोरं माझ्या पोरीच्या शाळेत आहेत, सगळ्यांना ठाऊक आहे.

हिवाळ्याची सकाळ. असं धुकं की बोटीच्या एका टोकावरून दुसरं टोक दिसू नये. बोटीत नवरदेव, खासे वऱ्हाडी आणि बँडवाले. आत्याबाईंनी बांबू उभा केला. नवरदेवाचा मामा म्हणाला, "ओ बाई, लग्न हाये, मैत नाही. वाजवा रे!" आणि बँड सुरू. मामाचा मान मोठा, आत्याबाईंनी तसाच बांबू पाण्यात टाकला. धुक्यात बोट निघाली. बँड वाजतोय, मामा नाचतोय, बोट हलतेय. बऱ्याच वेळानं काठ आला. बँडवाल्यांनी आणखी जोर केला. मामा उडी मारून उतरला आणि समोर दिसलेल्या बाईला त्यानं वाकून नमस्कार केला. विहीणबाई समजून. ती त्याची सख्खी बहीण होती. नवरदेवाची आई, वरातीला निरोप देऊन घाटावरच थांबलेली. ती म्हणाली, "अरे वा, झालं पण का लगन?"

पवनीच्याच घाटावर परत आणली होती वरात! पुरा गोल फिरून!

हसा, हसा. तेव्हाही सगळे असेच हसले. लग्न लागलं, जेवणं झाली, सगळं छान झालं. पण आत्याबाई घरी आल्या आणि दोन घास खाऊन भिंतीकडे तोंड करून झोपल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "रंजना, माही नदी मले वळखत नाही आता. मी आता शिकून येते."

शिकून येते! ज्या वयात बाया नातवंडांना गोष्टी सांगतात त्या वयात. त्याच सुमारास नियमही आला होता, इंजिनाच्या बोटीतून माणसं न्यायची तर बोट चालवायचं शिक्षण घेतलेलं असावं. शिकवणीचं शिबिर कोकणात, समुद्रावर. आत्याबाईंना आकडे यायचे, अक्षर येत नव्हतं. वाचून दाखवायला कोणीतरी सोबत हवं. पोराला मळमळतं. मग कोण? सून. तिथं गेल्यावर कळलं की नुसतं सोबत राहता येत नाही, नाव घालावं लागतं. घातलं. अशी मी, चिखल्याची रंजना, पोहता न येणारी, बोट चालवायला शिकायला बसले.

आता तिथली मजा ऐका. तुम्हाला ठाऊक आहे, आपल्याकडे पहिली फेरी काढायच्या आधी नदीचं एक ओंजळ पाणी प्यायचं आणि हात जोडायचे. पहिल्या दिवशी आत्याबाई धक्क्याच्या पायऱ्या उतरल्या, ओंजळ भरली आणि प्यायल्या. तिथले सगळे बघत राहिले. थुंकायचं कसं, पाण्याचा अपमान. गिळलं. डोळ्यांत पाणी आलं. वर येऊन मला हळूच म्हणाल्या, "पोरी, पाणी नासलं हाये." शिकवणारे सावंतसर म्हणाले, "बाई, समुद्र आहे तो. खाराच असणार." आत्याबाई म्हणाल्या, "मीठ असते थे आयकलं होतं. पर अंदाजानं टाकाव ना बापा!"

मग त्यांनी समोर बघितलं, बराच वेळ बघितलं आणि सरांना विचारलं, "दुसरा काठ कोठी हाये?"

"दुसरा काठ नाही, बाई."

"मंग लोकं जातेत कोठी?"

सर म्हणाले, "जातात, मासे धरतात आणि परत इथंच येतात."

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. "आयकलं का वो रंजना? म्हंजे वरातीले मी बरोबरच आणलं होतं. समुद्राच्या हिशोबानं."

तिथं आम्ही काय नाही शिकलो. होकायंत्र शिकलो. अंगात जाकीट घालायला शिकलो, गाठी शिकलो, भोंगा कधी वाजवायचा ते शिकलो. आणि दोन खुणांची रीत शिकलो. किनाऱ्यावरची एक खूण जवळची, एक लांबची. दोन्ही एकामागं एक ठेवायच्या. एकीच्या डोक्यावर दुसरी दिसली की वाट बरोबर. लांबची बाजूला सरकली की आपण वाट सोडली. आत्याबाईंना हे इतकं आवडलं की रस्त्यानं चालतानाही त्या मागं वळून देऊळ आणि नारळाचं झाड जुळवून बघायच्या. मला समजायला वेळ लागला. मी ओरडले, "आत्याबाई, देऊळ सरकून राहिलं!" त्या म्हणाल्या, "देऊळ कायले सरकन वो? तूच सरकली."

आणि दोर! आपल्या घाटावर आपण बोट कशी बांधतो? आखूड, गच्च. तशीच आम्ही तिथं संध्याकाळी बांधली. दोघींनी मिळून, ओढून ओढून, पक्की. सकाळी जाऊन बघतो तर ओहोटी लागलेली, पाणी कुठल्या कुठं गेलेलं आणि आमची बोट खांबाला नाकानं लटकलेली. शेपूट चिखलात. आमचा पोह्यांचा डबा चिखलात. सगळे कोळी बघायला जमलेले. सरांनी समजावलं की दोराला ढील द्यायची, पाणी जातं आणि येतं. आत्याबाई फणकारल्या, "आमची नदी शिस्तीची हाये. अशी उठून जात नाही कोठी."

शेवटी तोंडी परीक्षा. सरांनी आत्याबाईंना विचारलं, "धुक्यात सापडलात, काहीच दिसत नाही. काय कराल?" आत्याबाई शांत. "पैले त बँडवाल्यायले पाण्यात फेकीन." सर गोंधळले. मी मध्ये पडून वरातीची गोष्ट सांगितली. ते पोट धरून हसले. मग आत्याबाई सरळ बसल्या आणि म्हणाल्या, "इंजिन बंद करीन. लोकायले गप्प बसवीन. आन् आयकीन." सर म्हणाले, "बरोबर. पण भोंगाही वाजवायचा, दुसऱ्या बोटीला कळायला हवं." त्यांनी विचार केला. "हाव. माह्या ध्यानात नाही आलं. म्या आयकाचं, आन् त्यायनंबी मले आयकाचं." दोघी पास झालो.

परत आल्यावर त्यांनी काय धमाल उडवली ते तुम्ही पाहिलंच. घाटावरच्या पिंपळाच्या पाराला चुना फासला. पाराच्या डोक्यावर गावातली पाण्याची टाकी दिसेल अशी वाट ठरवली, बुडालेल्या खोडांच्या मधून. पलीकडच्या काठावरही तशाच दोन खुणा केल्या. धुक्यासाठी होकायंत्राचे दोन आकडे पाठ, एक जायचा आणि एक यायचा. आणि त्या बोटीचा दोर लांब सोडायला लागल्या. बाकीचे बोटवाले, ते मासे धरणारे, हसले. "तुळसाबाई, म्हैस चाराले बांधली का?" मग त्या पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले, एका रात्रीत पाणी उतरलं, आणि सकाळी घाटावर सगळ्यांच्या बोटी काठाला वाळत घातलेल्या चिंध्यांसारख्या लटकलेल्या. एकटी आत्याबाईंची बोट खाली पाण्यात आरामात डुलत होती. त्या पायरीवर बसून म्हणाल्या, "आपल्या भंडाऱ्यालेबी ओहोटी हाये गा. फकत इथला चांद धरणावर नोकरीले हाये." दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांचे दोर लांब.

दोघींची प्रमाणपत्रं घरात भिंतीवर लागली, शेजारी शेजारी. खोल पाण्यात गेल्यावर त्या मला सुकाणू द्यायच्या आणि स्वतः मागं तोंड करून बसायच्या, पार आणि टाकी बघत. मी वाट सोडली की फक्त म्हणायच्या, "टाकी चालली." पण काठ सोडायचा तो त्यांनीच. बांबू त्यांचा. तो त्यांनी मला कधीच दिला नाही. मला वाटायचं, विश्वास नाही. आणि खरं सांगू? बरंच वाटायचं. कारण तो काठ सुटतो ना, तो क्षण मला अजूनही सोसत नाही. पायाखालची जमीन जाते.

शेवटच्या आजारपणात एका दुपारी मी त्यांचे पाय दाबत होते. त्या म्हणाल्या, "दोर ढिला ठेवला ना?" म्हटलं, ठेवला. मग म्हणाल्या, "बांबू घेशीन का?"

मी म्हटलं, "आत्याबाई, मले भेव लागते. काठ सुटते तेव्हा."

त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की खोकला आला, मी पाणी पाजलं. मग मला जवळ ओढून म्हणाल्या, आणि हे मी आज पहिल्यांदा कोणाला सांगतेय, दिलीपलाही ठाऊक नाही. म्हणाल्या, "मी एकोडीची वो. धानाच्या बांधीत घोट्याएवढं पाणी, तेवढंच मी पाह्यलं होतं. लगन होऊन आली, सासऱ्यानं बांबू हातात देला. काठ सुटला का माह्या छातीत अशी धडधड होये! कोणी एक शब्द बोललं असतं त मी रडली असती. म्हून लोकायले गप्प बसवलं. तळाचा आवाज मंग आयकू याले लागला, लय दिवसानं. आधी त नुसतं भेव होतं."

मी विचारलं, "मंग कधी गेलं भेव?"

म्हणाल्या, "गेलं कोठी? कालपरवा बोट काढली तेव्हाबी होतं. बांबू आडवा ठेवला का जाते. तेवढ्यासाठीच त म्हणते, बोला आता."

आम्ही दोघी किती हसलो म्हणून सांगू. दिलीप बाहेरून धावत आले, काय झालं म्हणून.

तर मंडळी, ही आमची तुळसाबाई. सरपंचाला गप्प बसवणारी, मामाला पुरून उरणारी, समुद्राला मीठ कमी टाकायला सांगणारी. रोज सकाळी आपल्यासमोर भीत होती आणि रोज सकाळी आपल्याला पलीकडे नेत होती. मला त्यांचा किती अभिमान वाटतो ते मला नीट सांगता येत नाही. माझं त्यांच्यावर फार प्रेम होतं. हे त्यांना तोंडावर कधी म्हटलं नाही, म्हटलं असतं तर म्हणाल्या असत्या, "बोट हालवू नको."

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. उद्या सकाळी पहिली फेरी निघेल. बांबू मी धरीन. शाळेची पोरं आधी, मग दूधवाले, मग बाकीचे. मला भेव लागणार आहे, आधीच सांगून ठेवते. तुम्ही दोन्हीकडं सारखे बसा, एवढं केलंत तरी पुरे.

अशा सभेत शेवटी दोन मिनिटं उभं राहायची रीत आहे. मी तुम्हाला उभं राहा म्हणणार नाही. बोटीत उभं राहायचं नसतं. बसल्या जागीच बसा. हा त्यांचा बांबू मी सोबत आणलाय. मी तो उभा धरते. घड्याळ कोणी बघू नका. तो आडवा होईपर्यंत गप्प बसूया, रोज बसत होतो तसं.

चूप.

.

.

.

बोला आता.